साखर नको, पण गोड हवे!

दिवाळीत मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात पाहुण्यापुढे फराळाचे ताट येते, ते हल्ली एकटे येत नाही. चकली, चिवडा, करंजी, शंकरपाळी आणि बेसनाचा लाडू अशी मंडळी ताटात दाटीवाटीने बसलेली असतात, आणि शेजारी एक थंडगार बाटली उभी असते. पूर्वी ती साध्या गोड पेयाची असे. आता पाहुणाच विचारतो, "झिरो आहे का हो तुमच्याकडे? साखर बंद केलीय मी!" आणि हे बोलता बोलता त्याचा हात दुसऱ्या लाडवाकडे गेलेला असतो.

या बाटलीत साखर नसते हे खरे. गोडी असते ती रसायनाची. साखर नाही म्हणजे वजन नाही, मधुमेहाची भीती नाही, असा सरळ हिशेब आपण मांडतो. पण ही बाटली रोजची झाली असेल आणि ती कमी केली, तर शरीराला काही लाभ होतो का? मी डॉक्टर नव्हे. दिंडोशीला राहणारी, चार माणसांचा स्वयंपाक करणारी एक गृहिणी आहे. पण या प्रश्नाचे उत्तर शोधणे मला भागच होते. त्याला कारण घरातलेच होते.

घरातले कारण

आमच्या मामंजींना मधुमेह होता. शेवटच्या दोन वर्षांत त्यांच्या पायाची जखम भरेना आणि पायाची दोन बोटे काढावी लागली. त्या दिवसांत ड्रेसिंग करायला मीच बसत असे. त्यामुळे गेल्या वर्षी माझ्या धाकट्या दिरांच्या तपासणीचा कागद घरी आला, तेव्हा माझ्या पोटात धस्स झाले. भावजी चव्वेचाळीस वर्षांचे. आमच्या डॉक्टरांनी सांगितले, "मधुमेह अजून झालेला नाही, पण हे उंबरठ्यावर उभे आहेत. इथून परत फिरता येते, हे लक्षात ठेवा."

उंबरठ्यावर उभे असलेले भावजी एकटे नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे देशात दहा कोटी दहा लाख लोकांना मधुमेह आहे आणि तेरा कोटी साठ लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्या पाहणीत मधुमेहाचे सर्वांत मोठे प्रमाण आढळले ते आपल्या शेजारच्या गोव्यात. शंभरांत सव्वीसांहून अधिक.

भावजी दिवसाला झिरोचे तीन डबे पीत. एक दुपारी कचेरीत, एक संध्याकाळी वडापावाबरोबर आणि एक रात्री जेवताना. मी काही बोलले की त्यांचे उत्तर तयार असे, "वहिनी, तुम्ही डबा वाचून पाहा. साखर शून्य!"

डबा मी वाचला. साखर शून्यच होती. म्हणून मग त्यात काय होते, ते पाहू लागले.

चव घेणाऱ्यांच्या गोष्टी

या कृत्रिम गोडव्यांचा जन्म बहुधा चुकूनच झालेला आहे. १८७९ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फालबर्ग हा रसायनज्ञ डांबरापासून निघणाऱ्या पदार्थांवर काम करीत होता. जेवताना त्याला हातातला पाव गोड लागला. हात नीट धुतलेले नव्हते! त्या न धुतलेल्या हातांवर होते सॅक्रिन, साखरेच्या सुमारे तीनशे पट गोड. पुढे १९६५ साली जेम्स श्लॅटर या रसायनज्ञाने कागद उचलण्यासाठी बोट ओले केले आणि ते गोड लागले. ते निघाले अॅस्पार्टेम.

तिसरी गोष्ट आपल्या जवळची आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे भारतीय संशोधक काम करीत होते. साखरेलाच क्लोरीन जोडून केलेले एक संयुग 'टेस्ट' करा, म्हणजे तपासा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ऐकले 'टेस्ट' म्हणजे चव, आणि चिमूटभर जिभेवर ठेवले! ते सुक्रालोज. साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड. आज जगभर चहात पडणाऱ्या कितीतरी गोड गोळ्यांमागे आणि पुड्यांमागे हा एक फडणीस आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

हे पदार्थ विष आहेत, अशी हाकाटी अधूनमधून उठते. तसे मानण्याचे कारण नाही. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अॅस्पार्टेमला 'कदाचित कर्ककारक' या गटात घातले, तेव्हा मोठी खळबळ झाली. पण त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने जुनीच मर्यादा कायम ठेवली. वजनाच्या दर किलोला दिवसाकाठी ४० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाने ती ओलांडायची तर त्याला दिवसाला नऊ ते चौदा डबे प्यावे लागतील. म्हणजे आपला प्रश्न विषाचा नव्हे. आपला प्रश्न असा, की साखरेऐवजी घेतलेल्या या गोडव्याने ज्या कामासाठी तो घेतला, ते काम होते का?

शरीराची पाच दारे

खाल्लेल्या अन्नाचे शरीर काय करते, किती जाळते आणि किती साठवते, या सगळ्या व्यवहाराला चयापचय म्हणतात. हा व्यवहार बिघडला आहे की नाही, हे पाहण्यासाठी डॉक्टर पाच गोष्टी मोजतात. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक. रक्तदाब १३०/८५ किंवा त्याहून अधिक. उपाशीपोटी रक्तातली साखर १०० किंवा त्याहून अधिक. ट्रायग्लिसराइड नावाची चरबी १५० किंवा त्याहून अधिक. आणि 'चांगले' कोलेस्टेरॉल पुरुषात ४०च्या व स्त्रीत ५०च्या खाली. या पाचांपैकी तीन दारे किलकिली झाली, तर मधुमेह आणि हृदयविकार आत यायला फार वेळ लागत नाही.

"पण मी जाड कुठे आहे?" हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. त्याला पुण्याहून उत्तर मिळालेले आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे, देहभारांक २२.३. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! सडसडीत दिसणारा आपला माणूस आतून चरबीवाला असू शकतो. म्हणून वजनाचा काटा पाहून निर्धास्त राहू नये. कंबरेची टेप अधिक खरे बोलते.

दोन प्रयोग, दोन निकाल

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. रोज डाएट सोडा पिणाऱ्यांत वर सांगितलेल्या चयापचयाच्या बिघाडाचे प्रमाण, तो न पिणाऱ्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी अधिक होते आणि मधुमेहाचे ६७ टक्क्यांनी अधिक. हे वाचून मी भावजींना दाखवायला निघाले होते. पण पुढे विचार केला, की डाएटची बाटली घेतो कोण? ज्याचे वजन आधीच वाढले आहे आणि ज्याला भीती वाटू लागली आहे, तोच. छत्री घेतलेली माणसे जास्त भिजलेली दिसली, म्हणून छत्रीने पाऊस पडतो असे होत नाही!

म्हणून शास्त्रज्ञ माणसांचे दोन गट करून, एकाला पाणी आणि एकाला डाएट पेय देऊन पाहतात. तेहरानमध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांवर असा प्रयोग झाला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. एरवी डाएट पेय पिणाऱ्या या स्त्रियांपैकी एका गटाला दुपारच्या जेवणानंतर ते चालू ठेवायला सांगितले, दुसऱ्या गटाला त्याऐवजी पाणी दिले. चोवीस आठवड्यांनी पाणीवाल्या गटाचे वजन सरासरी ८.८ किलोंनी उतरले आणि डाएटवाल्या गटाचे ७.६ किलोंनी. इन्शुलिनचा कारभारही पाणीवाल्यांचाच अधिक सुधारला.

पण त्याआधी २०१४ साली अमेरिकेत ३०३ लोकांवरचा बारा आठवड्यांचा प्रयोग नेमका उलटा निघाला होता. तिथे डाएटवाल्यांचे वजन सुमारे सहा किलोंनी उतरले आणि पाणीवाल्यांचे चार किलोंनी. त्या प्रयोगाचा खर्च पेये बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघाने केला होता, हेही सांगायला हवे.

आणि आतड्यातल्या जंतूंचे काय? इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०२२ साली १२० निरोगी माणसांवर दोन आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. सॅक्रिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांत, साखर पचवण्याची शरीराची रीत बिघडलेली दिसली. सगळ्यांची सारखी नव्हे. ज्याच्या आतड्यातली वस्ती जशी, तसा त्याचा परिणाम. दुसऱ्या बाजूला मद्रासच्या मधुमेह संशोधन प्रतिष्ठानाने २०२४ साली मधुमेह असलेल्या १७९ भारतीयांचा प्रयोग मांडला. चहा-कॉफीतल्या साखरेऐवजी बारा आठवडे सुक्रालोज दिले, तर रक्तातल्या सरासरी साखरेत फरक पडला नाही, पण वजन आणि कंबर थोडी उतरली.

एवढे सगळे एकत्र वाचल्यावर मला त्यातला धागा दिसू लागला. कृत्रिम गोडवा साखरेच्या जागी आला, तर थोडा फायदा. तो पाण्याच्या जागी आला, तर फायदा नाही आणि कदाचित तोटा. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, वजन काबूत ठेवण्यासाठी या गोडव्यांवर भिस्त ठेवू नये, असा सल्ला दिला. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना तो सल्ला लागू केलेला नाही. तेव्हा झिरो सोडण्याचा लाभ होतो का, याचे उत्तर बाटलीत नाही. बाटली सोडल्यावर तिच्या जागी तुम्ही काय आणता, त्यात आहे.

साखरेचा डबा काय म्हणाला

ही गोष्ट मला कागदावर कळली, पण पटली ती स्वयंपाकघरात.

भावजींनी मनावर घेतले आणि तिन्ही डबे एकदम बंद केले. दुसऱ्या दिवसापासून डोके ठणकू लागले. चिडचिड वेगळीच. "वहिनी, हे सोडल्याने प्रकृती सुधारते की बिघडते?" असे ते मलाच विचारू लागले. डॉक्टर हसले. कोलात कॅफीन असते आणि तीन डब्यांचे कॅफीन एकदम तोडले, की काही दिवस डोके दुखतेच. ते गोडव्यावाचून नव्हे. चार-सहा दिवसांत दुखणे थांबले.

पण महिनाअखेरीला निराळेच लक्षात आले. साखरेचा डबा वीस तारखेलाच तळाला गेला. घरात पाहुणे नाहीत, गोडधोड नाही, मग साखर गेली कुठे? चौकशी केली तेव्हा कळले, की डबे बंद झाल्यापासून भावजींचा चहा वाढला होता. घरी दोन कप, कचेरीत दोन कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमांचा धरला तर दिवसाला चाळीस ग्रॅम झाले. साध्या कोलाच्या तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे बत्तीस ग्रॅम साखर असते. म्हणजे साखर शून्य असलेले पेय सोडून, भावजी रोज एका साखरेच्या बाटलीहून अधिक साखर पिऊ लागले होते! वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमांच्या आत, आणि जमल्यास पंचवीसच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला सांगते.

मी हिशेब कागदावर मांडून जेवणाच्या टेबलावर ठेवला. भावजींनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "मग पुन्हा झिरोच सुरू करू का?" आमचे हे ताडकन म्हणाले, "अण्णांचा पाय विसरलास का रे?" आणि मग कोणीच काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रीत बदलली. चहाचे दोन कप झाले. साखर दोन चमच्यांवरून दीडवर, मग एकावर, मग अर्ध्यावर आली. दर पंधरा दिवसांनी एक पायरी. जीभ कुरकुरते, पण हट्टी नसते. दोन महिन्यांत भावजींना बाहेरचा चहा काकवीसारखा लागू लागला. दुपारच्या डब्याबरोबर ताक आले, जिरेपूड आणि मीठ किंचित घातलेले. संध्याकाळचा वडापाव आपसूक कमी झाला, कारण बाटलीचा भरवसा गेला होता. 'पेयात वाचवले, ते खाण्यात उडवले' हा हिशेब या झिरोच्या मागे नेहमी लपलेला असतो.

शिवाय भावजी मेट्रोतून दिंडोशी स्थानकावर उतरले, की रिक्षा न करता चढ चढून घरी येऊ लागले. रविवारी दोघे भाऊ सकाळी आरेच्या रस्त्याला फिरायला जातात. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. कंबर उतरली होती. रक्तातली साखर उंबरठ्याच्या अलीकडे आली होती. हे श्रेय डबे सोडण्याचे, चहातल्या साखरेचे, की दिंडोशीच्या चढाचे? मी प्रामाणिकपणे सांगते, की ते वेगळे काढता येत नाही. एका घरातल्या एका माणसावरून शास्त्र बनत नाही. पण डॉक्टर म्हणाले, "काय करता आहात ते करीत राहा," आणि आमच्या घराला तेवढे पुरे होते.

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी

बाटली एकदम बंद करण्यापेक्षा, तीनाच्या दोन आणि दोनाची एक अशी करीत उतरावे. डोके दुखत नाही आणि निश्चय टिकतो.

डब्याची मागची बाजू वाचावी. ९५० म्हणजे अॅसिसल्फेम, ९५१ म्हणजे अॅस्पार्टेम, ९५४ म्हणजे सॅक्रिन आणि ९५५ म्हणजे आपल्या फडणिसांचे सुक्रालोज. लहान मुलांसाठी शिफारस नसल्याची सूचनाही तिथेच बारीक अक्षरांत असते. ती वाचली, की मुलांच्या हातात तो डबा देताना हात आपोआप थांबतो.

'आपले देशी' म्हणून सगळे निर्धोक समजू नये. कोकम सरबताचा पाक आणि कैरीचे पन्हे यांत साखर किंवा गूळ भरपूर असतो. गूळही शरीराला साखरच. पन्हे वर्षातून चार वेळा आनंदाने प्यावे, रोज नव्हे. रोजच्याला ताक, बिनसाखरेची सोलकढी, लिंबू-मिठाचे पाणी आणि वाळा घातलेले माठातले पाणी चांगले.

मधुमेह आहे आणि औषध किंवा इन्शुलिन चालू आहे, अशांनी मात्र काहीही बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. गोड गोळी सोडली आणि साखर सुरू केली, हा त्यांच्यासाठी खेळ नव्हे.

पाणीवाल्या बाईंच्या गावात

शेवटी पाण्याविषयी दोन शब्द. आमच्या दिंडोशीच्या डोंगरापलीकडे विहार तलाव आहे. १८६० सालापासून तो मुंबईला पाणी पुरवतो. पण त्याच्या अंगाखांद्यावर वसलेल्या गोरेगावात, मात्र, नळाला पाणी यावे म्हणून बायकांना झगडावे लागले. त्या झगड्याच्या पुढे मृणालताई गोरे होत्या. १९६१ साली त्या महापालिकेत निवडून गेल्या आणि पाण्यासाठी त्यांनी असा काही धसास लावला, की सारी मुंबई त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखू लागली. दिंडोशीच्या चढावर सामान्य माणसांसाठी उभी राहिलेली नागरी निवाऱ्याची वसाहत हीही त्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांचीच कामगिरी. २०१२ साली त्या गेल्या.

आमच्या आधीच्या पिढीतल्या बायकांनी हंडे-कळश्या घेऊन मिळवलेले ते पाणी आज आमच्या नळाला येते. ते उकळून माठात भरायला मला रोज दहा मिनिटे लागतात. त्यात साखर शून्य असते, उष्मांक शून्य असतात, आणि मागच्या बाजूला वाचायला काहीही नसते.